बांधाचा वाद लोकअदालतीत नेता येतो का?

प्रश्न : चुलतभावाशी बांधावरून वाद आहे. दावा लावलेला नाही, वकीलही नाही. लोकअदालतीत जाता येईल?

उत्तर : येईल. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या. तिथले ज्येष्ठ न्यायाधीशच समितीचे अध्यक्ष असतात. फी नाही. सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा. समिती चुलतभावाला नोटीस काढेल. तो आलाच नाही तर मात्र तिथं काही ठरत नाही, दावा लावावा लागतो.

घोळ होतो तो तडजोडीच्या मजकुरात. 'जुना बांध कायम' एवढंच लिहिलं, की नांगरटीला पुन्हा भांडण! गट नंबर, कोणत्या दगडापासून किती मीटर, हे लिहून घ्या. सहीपूर्वी नीट वाचा; या तडजोडीचाच लोकअदालतीचा निवाडा होतो आणि त्यावर अपील नसतं.