गाठ नव्हे, गुठळी

प्रश्न असा आहे: हार्ट अटॅकनंतर तातडीची अँजिओप्लास्टी झाली की ‘रक्ताची गाठ काढली’ म्हणावं की ‘गुठळी काढली’?

गुठळी! मागच्या महिन्यात परळच्या एका हॉस्पिटलात कॅथलॅबबाहेर, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीबाहेर, बसले होते. शेजारचा मुलगा फोनवर सांगत होता, “मावशी, आईच्या हृदयात गाठ निघाली.” पलीकडचा हंबरडा मला ऐकू आला. मावशीने कॅन्सरच धरला होता. गाठ म्हणजे संस्कृतातली ग्रंथि. दोरीला पडते, अंगात वाढते. गुठळी पिठल्यात होते, बेसन नीट कालवलं नाही की. बोटाने दाबली तर फुटते. अटॅकात धमनी अडवणारी असते ती अशीच ताजी, मऊ गुठळी.

डॉक्टर तिला थ्रोम्बस म्हणतात, आणि खरी गंमत तिथे आहे. ग्रीक ‘थ्रॉम्बॉस’ म्हणजे रक्ताची गुठळी, तशीच दुधाचीही! त्याचं मूळ मी ‘ट्रेफो’ या क्रियापदात बघते. ट्रेफो म्हणजे पोसणं, आणि दूध घट्ट करणंसुद्धा. होमरच्या ‘ओडिसी’त एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस अर्धं दूध चीज करायला थिजवतो, तिथे हेच क्रियापद आहे. याच ट्रेफोपासून ‘ट्रोफी’, म्हणजे पोषण, आणि त्यातून हायपरट्रॉफी. म्हणजे टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात हृदयाची भिंत जाड झाल्याचं सांगणारा शब्द आणि धमनी बंद करणारा शब्द सख्खे भाऊ! काही कोशकारांना हे नातं मान्य नाही. ते वर्ण मोजत बसतात, अर्थाकडे बघत नाहीत. दूध आणि रक्त, दोन्ही पातळ, दोन्ही डोळ्यांदेखत घट्ट होतात. गुराख्यांच्या भाषेला याहून जवळची उपमा कुठे मिळणार? ग्रीकांनी शब्द दुधातून उचलला, आपण पिठल्यातून.

राहिलं ‘काढली’. तेही सरसकट म्हणू नका. औषधाने गुठळी विरघळवतात. फुग्याने आणि स्टेंटने, म्हणजे धमनीत बसवायच्या जाळीदार नळीने, ती दाबून वाट करतात. तेव्हा बाहेर काहीच येत नाही. बारीक नळीने ओढून घेतली तरच ‘काढली’. तेही आता सर्रास करत नाहीत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोटल’ या रुग्णांवरच्या तुलनात्मक चाचणीत 10,732 रुग्ण होते. प्रत्येकाची गुठळी ओढून काढण्याने फायदा दिसला नाही, पक्षाघात मात्र थोडे जास्त झाले. गुठळी फार मोठी असेल तर डॉक्टर अजूनही कधीकधी नळी घालतात.

त्या मुलाने एवढंच सांगायला हवं होतं: “मावशी, आईच्या हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. स्टेंट घातलाय, रक्त वाहतंय.”