नणंदेचं गंठण घालून मुलाखतीला जाऊ का?

पत्र: ताई, मी ३६ वर्षांची, कोल्हापूरजवळच्या एका गावात राहते. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका दुकानात काउंटरवर बायका घ्यायच्या आहेत. मला येत्या सोमवारी मुलाखतीला बोलावलंय. बी.कॉम. अर्धवट राहिलं, लग्नानंतर अकरा वर्षं घरीच आहे. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांचं मोठं आजारपण निघालं तेव्हा माझ्या पाटल्या, बोरमाळ, कानातले वेल सगळं मोडलं. आता गळ्यात काळ्या मण्यांची बारीक पोत तेवढी आहे. ते बरे झालेत, पण पूर्वीसारखं काम होत नाही. नणंद म्हणते, माझं गंठण घालून जा, ओक्या गळ्याच्या बाईला सोन्याच्या दुकानात कोण ठेवणार? मला सोन्यातलं काही कळत नाही. अकरा वर्षं काय केलं विचारलं तर चार वर्षं बचत गटाचा हिशेब ठेवला, एवढंच सांगता येईल. बोलताना शब्दच फुटणार नाहीत अशी भीती वाटते.

अगं, आधी गंठणाचं बोलू. घालून जाऊ नकोस. नणंदेनं मायेनं देऊ केलंय, तिला तसं म्हण, पण गंठण तिच्याच गळ्यात राहू दे. सराफाकडे कामाला असणाऱ्यांच्या अंगावरचं सोनं हा मालकाच्या काळजीचा विषय असतो. बऱ्याच दुकानांत सकाळी आत येताना अंगावर काय काय आहे ते वहीत लिहून घेतात आणि रात्री जाताना पडताळतात, कारण दुकानातला डाग, म्हणजे दागिना, आणि घरचा डाग यांची गल्लत परवडत नाही. म्हणून तिथल्या बायका अंगावर बेताचंच घालतात. तुझी बारीक पोत त्यांना अजिबात खटकणार नाही. शिवाय दुसऱ्याचं गंठण गळ्यात असलं की तुझं अर्धं लक्ष त्याच्या फाशाकडे राहील, आणि सोमवारी मला तुझं सगळं लक्ष समोरच्या माणसाकडे हवंय.

बघतील ते तुझे हात. दागिना दाखवताना गिऱ्हाईक हातांकडेच बघतं. नखं कापलेली, स्वच्छ, साडी नीट पिन केलेली, केस बांधलेले. एवढं पुरे.

आता तू लिहिलंस, सोन्यातलं काही कळत नाही. ते मला मान्य नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी बोरमाळेपाशी थांबले. तू बोरमाळ मोडलीस तेव्हा काय झालं ते आठव. जुन्या बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. काट्यावर भरलेलं वजन आणि हातात आलेले पैसे यांचा मेळ बसला नसेल, कारण लाखेचं वजन वजा झालं, वितळवताना कमी होणाऱ्या सोन्याची घट धरली गेली, आणि घेताना दिलेली घडणावळ, म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी, तर परत मिळतच नाही. तेव्हा कुणी तुला हे नीट बसवून सांगितलं होतं का? माझ्या आईला नव्हतं सांगितलं. तिच्या पाटल्या मोडायला मी सोबत गेले होते. काउंटरवरच्या मुलानं चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं विचारलं, “मोडायच्यात का?” आईनं पदर ओढून घेतला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पैसे किती आले ते मी विसरले. तो पदर विसरले नाही.

गुजरीत रोज अशा बायका येतात. काही जणी मोड देऊन नवं घ्यायला येतात, काही नुसतंच मोडायला. त्यांच्याशी आवाज खाली ठेवून बोलणारी, आधी खुर्ची देणारी, वजन त्यांच्यासमोर करून कशाचे किती वजा होतात ते सांगणारी बाई दुकानाला हवी असते. आज मोडायला आलेली बाई उद्या लेकीच्या लग्नाची खरेदी कुठे करेल, हे मालक ओळखून असतो. ‘तुम्हालाच का घ्यावं’ असं विचारलं तर घरातलं आजारपण उलगडून सांगायची गरज नाही. एवढंच म्हण, “सोनं घेताना काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि मोडताना काय वाटतं तेही.” मग थांब. पुढचं त्यांना विचारू दे.

थोडा अभ्यास मात्र कर, चार दिवस पुरतील. २२ कॅरट म्हणजे ९१६, हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं. १८ कॅरट म्हणजे ७५०. हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्यात, तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतःचा नंबर. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सक्तीत येणारा सोन्याचा दागिना एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या डागांना सक्ती नाही. बीआयएस केअर हे अ‍ॅप मोबाइलवर घे आणि नणंदेच्या गंठणावर नंबर असेल तर त्यात टाकून बघ, त्यासाठी गंठण खुशाल माग. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतं आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हेही ठाऊक असू दे.

हिशेब विचारतीलच. सोपा आकडा घेऊन हात बसव. दहा ग्रॅमला १,००,००० दर धर. आठ ग्रॅमची चेन म्हणजे ८०,०००. घडणावळ १२ टक्के, ९,६००. झाले ८९,६००. त्यावर तीन टक्के जीएसटी २,६८८. एकूण ९२,२८८. हे कागदावर दहा वेळा कर, मग दर आणि वजन बदलून कर. आणि गावाकडची म्हातारी ‘तोळा’ म्हणाली तर एक लक्षात ठेव: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. यावरून काउंटरवर किती वाद होतात!

नावं तर तुला येतातच. ठुशी कुठली, वज्रटीक कुठली, चिंचपेटी आणि तन्मणी वेगळे कसे, साजात पानड्या कशा ओवतात, हे तू आजीच्या, आत्यांच्या गळ्यात पाहिलंयस. शहरात वाढलेल्या मुलींना हे पाठ करावं लागतं. मालकानं ट्रे समोर ठेवून ‘यातलं काय काय ओळखता’ म्हटलं तर बिचकू नकोस, आणि एखादा डाग ओळखला नाही तर सरळ सांग. सराफी धंद्यात ठोकून दिलेलं उत्तर कुणालाच आवडत नाही.

बोलण्याची भीती जाण्यासाठी एक कर. लेकीला किंवा शेजारणीला समोर बसव, बेन्टेक्सचा हार घे, मागून गळ्यात घालून फासा लाव, कुड्यांची फिरकी बसव, आरसा धर. तिला घासाघीस करायला सांग: “बाहेर घडणावळ कमी आहे.” तू उत्तर दे, मोठ्यानं. हात कामात गुंतले की तोंड आपोआप मोकळं होतं.

आणि बचत गट! तो तू पत्राच्या शेवटी, लाजत लाजत लिहिलास. सोमवारी तो पहिल्यांदा सांग. किती बायका, महिन्याला किती रक्कम, कर्ज किती फिरलं, बँकेत भरणा कोण करतं, चार वर्षांत हिशेबात फरक पडला का. जिथे रोज रात्री एकेक टॅग मोजून ट्रे तिजोरीत जातात, तिथे बायकांचे पैसे चार वर्षं सांभाळलेली बाई ही मोठीच ओळख आहे. गटाच्या अध्यक्षांना विचारून त्यांचं नाव ओळखीसाठी दे, दोन ओळखी मागतातच. अकरा वर्षांबद्दल विचारलं तर, “घरी होते, घरात आजारपण होतं, आता मी पूर्ण वेळ येऊ शकते.” बस्स. अपराधी चेहरा करायचा नाही.

तूही विचार. पगार किती आणि कुठल्या तारखेला, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) आहे का, आठवड्याची सुट्टी कधी. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशीला दुकान रात्री किती वाजेपर्यंत असतं, आणि तेव्हा गावी परत कसं जायचं, हे तर विचारच, कारण सणाच्या दिवशी तुझी शेवटची बस नक्की चुकणार. एखादा डाग कमी भरला तर जबाबदारी कशी ठरते, हेही शांतपणे विचार, त्यात उद्धट काही नाही. आधार, पॅनच्या झेरॉक्स दे, मूळ कागद ठेवून घेऊ देऊ नकोस. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टँप पेपरवर सही मागितली, नाहीतर अनामत म्हणून पैसे मागितले, तर उठून ये. गरज कितीही असली तरी उठून ये.

शनिवारी जमलं तर गुजरीत एक चक्कर मार. त्या दुकानात नको, शेजारच्या दोन दुकानांत जा आणि चांदीची जोडवी बघायला माग. बायका ट्रे कसा पुढे करतात, एका वेळी किती डाग बाहेर काढतात, न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाला काय म्हणतात, ते बघ. मग अंबाबाईचं दर्शन घेऊन घरी जा आणि रविवारी रात्री लवकर झोप.

मुलाखत झाली की लिही. पगाराचा आकडा काय सांगितला तेही कळव, कमी वाटला तर काय म्हणायचं ते आपण ठरवू.

तुझी,
ताई