सोलापुरात जुनी पोथी सापडली, तर काय करावं?

आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात गुंडाळलेली पोथी सापडली म्हणता, तर आधी एक ऐका: ओल्या फडक्यानं पुसू नका. जुनी शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. पाणी लागलं की अक्षरं पसरतात. सेलोटेप, लॅमिनेशन तर नकोच. आमच्या बाळीवेशीतल्या घरी काकांनी हौसेनं एक पान लॅमिनेट करून आणलं, वर्षभरात ते आतल्या आत पिवळं पडलं. पोथी गच्चीवर उन्हातही टाकू नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात पापड वाळतात, कागदाचे तुकडे पडतात.

सुती फडक्यात सैल बांधा, दोन्ही बाजूंना पाट्या ठेवा. बांधण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा. शेवटचं पान नीट पाहा, लिहिणाऱ्याचं नाव, शक, गाव बहुतेकदा तिथंच असतं.

वाचून घ्यायची असेल तर पुण्यात भांडारकर संस्था (स्थापना १९१७) आणि भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आहेत. भांडारकरमधल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोनं जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली. पोथी जैन असेल तर पुण्याला जायच्या आधी सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघात विचारा, जीवराज जैन ग्रंथमाला त्यांचीच.