केनिया-टांझानियाच्या सफारीत पक्ष्यांसाठी वेगळा वेळ ठेवावा का? सुगरण, मुनिया तर आपल्याकडेही दिसतात.

ठेवावा. प्रश्नातलं दुसरं वाक्य मी आमच्या थोरल्या भावजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

'आपल्याकडेही आहे' हाच निकष लावायचा तर सिंह गीरमध्ये आहेत आणि हत्ती कर्नाटकात. मग मसाई माराला तरी कशाला जायचं? सुगरणीच्या कुळात जगभरात सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या आपल्या देशात चार, आणि बहुतेक सगळ्या आफ्रिकेत. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेला खोपा पाहिला म्हणून सुगरणी पाहून झाल्या, असं होत नाही.

आम्ही घरातली सगळी मंडळी ग्रुप टूरने गेलो होतो. टांझानियातल्या गोरोंगोरोच्या विवरात गाडीतून उतरायची परवानगी ठराविक ठिकाणीच असते. त्यातलं एक म्हणजे न्गोइटोकिटोकचं तळं. पाण्यात पाणघोडे, काठावर मोकळी जागा, आणि दुपारी जेवायला सगळ्या गाड्या तिथे. वर घारी टपलेल्याच असतात, हातातलं सँडविच उचलून नेतात. ड्रायव्हरने बजावलं होतं की गाडीत बसून खा. भावजी बाहेर उभे राहिले आणि घारीने त्यांचा घास नेलाच. मग सगळा ग्रुप मोबाइल वर करून आभाळाकडे बघत बसला.

त्याच वेळी गाडीच्या चाकापाशी साळुंकीएवढे तीन-चार पक्षी फिरत होते. राखाडी-तपकिरी अंग, छातीवर खवल्या-खवल्यांची नक्षी, विटकरी शेपूट आणि फिकट निळा डोळा. तो डोळा एकदा पाहिला की दुसऱ्या कुठल्या पक्ष्याशी घोटाळा होत नाही. एकाने वाळक्या गवताची लांब काडी उचलली, ती नीट मधोमध पकडीत येईना म्हणून खाली टाकली, पुन्हा उचलली आणि जवळच्या बाभळीवर घेऊन गेला. तिथे गवताचे मोठे, विस्कटलेले खोपे होते. मी भावजींना हाक मारली. ते म्हणाले, "वहिनी, चिमण्या बघायला एवढे पैसे भरलेत का? चला, सिंह दिसलाय म्हणतात." आणि गाडी निघाली.

ती चिमणी नव्हती. तो रूफस-टेल्ड वीव्हर, म्हणजे सुगरणीच्याच कुळातला. जगाच्या पाठीवर मुख्यतः उत्तर टांझानियात राहणारा, आपल्या वंशातली एकुलती एक जात. सिंह आम्ही त्याआधीही पाहिले होते, त्यानंतरही पाहिले. लग्नकार्यात भेटलो की भावजी अजून सांगतात, "वहिनी आफ्रिकेला जाऊन चिमण्या बघून आल्या." सांगोत बापडे. पण निदान पक्ष्याचं नाव तरी बरोबर सांगावं.

मुनियांचं म्हणाल, तर आपली लाल मुनिया सुंदर आहेच. पण तिच्याच कुळातला रेड-चीक्ड कॉर्डन-ब्ल्यू अंगाने आकाशी निळा असतो आणि नराच्या गालावर लाल ठिपका. लॉजच्या अंगणात पायाशी दाणे टिपत असतो. पर्पल ग्रेनेडियर तर पोटाला जांभळा-निळा आणि चोच लालभडक. आणि व्हिलेज इंडिगोबर्ड नावाचा काळा, छोटा पक्षी फायरफिंच या मुनियांच्याच कुळातल्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतो. त्याचा नर फायरफिंचचंच गाणं गातो आणि पिल्लांच्या तोंडातल्या खुणासुद्धा फायरफिंचच्या पिल्लांसारख्या असतात. यातलं काहीही दहा मिनिटं थांबल्याशिवाय दिसत नाही.

थांबण्याचंच सगळं मोल आहे. आपल्या सुगरणीचा नर अर्धा खोपा बांधून मादीची वाट बघतो, तिने पसंत केला की पुरा करतो आणि मग दुसरा बांधायला घेतो, हे सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला बसून पाहिलं. बसून, गाडी पळवत नव्हे. तिकडचा व्हिलेज वीव्हर खोप्याखाली उलटा लटकून पंख फडफडवतो. मादीने नाकारला आणि गवत वाळून पिवळं पडलं की नर स्वतःच तो खोपा उसवून टाकतो. दोघांत काय सारखं, काय वेगळं, हे ज्याने आपली सुगरण पाहिली आहे त्यालाच नीट कळेल. म्हणून आपण तर जायलाच हवं.

ग्रुपच्या गाडीत हे जमणार नाही. सहा जणांना सिंह हवा असला की सातव्याचं कुणी ऐकत नाही. चार दिवस कमी करा, पण स्वतःची गाडी घ्या आणि बुकिंग करतानाच पक्षी जाणणारा गाइड मागा. सोबतचा कुणी 'चिमण्या' म्हणाला तर त्याला लॉजवर ठेवून जा.

एक राहिलं. वाइल्डबीस्टच्या स्थलांतरासाठी सगळे जुलै ते ऑक्टोबरमध्ये जातात, तेव्हा बिशप आणि विडोबर्ड या सुगरणीच्याच कुळातल्या पक्ष्यांचे बरेच नर साध्या तपकिरी पिसांत असतात. लांब शेपटीचा काळा विडोबर्ड गवतावर तरंगताना बघायचा असेल तर पावसाचे महिने धरा, केनियाच्या उंच पठारांवर एप्रिल-मे. तेव्हा रस्ते चिखलाचे असतात आणि काही कॅम्प बंद असतात, त्याची तयारी ठेवा. रूफस-टेल्ड वीव्हरला मात्र हंगाम लागत नाही, तो वर्षभर तिथेच असतो.