मृगाआधी पुठ्ठा बांधा

प्रश्न: ताई, आम्ही देवगडकडचे. आंब्याच्या सीझनचे उरलेले खोके, वर मुलगा ऑनलाइन मागवतो त्याची पार्सलं, पडवीत नुसता ढीग झालाय. भंगारवाला पावसात फिरकत नाही आणि सासूबाई म्हणतात बंबात घाल. एवढं सांभाळून ठेवून पर्यावरणाला खरंच काही फायदा होतो का?
– एक वाचक भगिनी

उत्तर: होतो हो! पुठ्ठा म्हणजे शेवटी लाकडाचा लगदाच, मिलमध्ये पाण्यात घुसळला की परत लगदा होतो आणि त्याचा नवा पुठ्ठा, त्यासाठी नवीन झाड लागत नाही, पाणी आणि वीजही कमी लागते. दर फेरीत धागे आखूड होत जातात, तरी साधारण ५ ते ७ वेळा चालतं. तोच पुठ्ठा डंपिंगवर ढिगाखाली दबून हवेशिवाय कुजला की मिथेन सुटतो. बंब पेटवायला एखादा कोरा तुकडा घाला, सासूबाईंचंही मन राहील, पण टेप आणि चकचकीत छपाईवाला अजिबात नको, तो धूर घरातच फिरतो.

आपल्याकडे खरी अडचण ओल. जोडायला स्टार्चची खळ असते त्यामुळे पुठ्ठा भिजला की गळतो आणि झुरळं, वाळवी लागलीच हजर. म्हणून टेप, पिना काढा, खोके चपटे करा, सुंभाने बांधा आणि माळ्यावर टाका, जमिनीला टेकवू नका. तेलकट खोका, मासळीचा खोका भंगारात देऊ नका, तेल लगद्यातून सुटत नाही. आंबा फुटून रस लागला असेल तर तेवढाच भाग फाडायचा. फाडताना प्लास्टिकचा पापुद्रा निघाला तर तो खोका बाजूला ठेवा.

आणि भिजलेला साधा पुठ्ठा वाया जात नाही बरं का. तुकडे करून ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाका, पावसात खड्डा चिखल होऊन वास मारतो ना, पुठ्ठा ते पाणी शोषतो आणि त्याच्या नळ्यांतून हवा खेळते. नाहीतर माडाच्या आळ्यात एक थर, वर पातेरा, तण दबतं. फक्त बुंध्याला आणि घराच्या जोत्याला चिकटवू नका, वाळवीला आमंत्रणच.

भंगारवाल्याचं म्हणाल तर एका घराच्या चार खोक्यांसाठी तो तरी कशाला येईल, डिझेल परवडायला नको? वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून मृगाआधीच फोन करा, टेम्पो घेऊन येतो की नाही बघा. यंदाचं राहिलं असेल तर माळ्यावरचं दिवाळीपर्यंत थांबू दे.