मुलगा अडीच वर्षांचा, अजून बोलत नाही. स्पीच थेरपी शिकवणाऱ्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये न्यावं का?

न्या, खुशाल न्या. मी अशाच कॉलेजात शिकून आता तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट आहे, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

‘शिकाऊ मुली पोरावर प्रयोग करतील’ असं तुम्ही लिहिलंय. पण ती शिकाऊ मुलगी एकटी नसते. सेशनमध्ये काय घेणार ते आधी लिहून तपासून घ्यावं लागतं, रिपोर्टवर सही सुपरवायझरची. बऱ्याच खोल्यांना एकतर्फी काच असते, पलीकडून मॅडम बघत असतात. (आम्हाला पेशंटपेक्षा त्या काचेचीच धास्ती!)

थेरपीच्या आधी कान तपासा. ‘हाक मारली की बघतो, टीव्ही लागला की धावतो’ यावर जाऊ नका. खालच्या पट्टीतलं ऐकू येणारं आणि स, श सारखे बारीक आवाज निसटणारं मूलही हे सगळं करतं. ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी चाचणी) होईल, गरज पडली तर बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी चाचणी). बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत डुलकी लागू देऊ नका, नाहीतर पुढची तारीख मिळते. सर्दी असेल तर आधीच सांगा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर निकाल फसवा येतो.

खरी अडचण वेगळीच आहे. मूल एका ताईशी रुळतं न रुळतं तोच तिची पोस्टिंग बदलते. परीक्षा आणि मे महिन्यात खंडही पडू शकतो. सुट्टीत थेरपी चालू असते का ते पहिल्याच दिवशी विचारा. घरी काय करायचं ते दर वेळी तुमच्या वहीत लिहून मागा, नव्या ताईच्या हातात तीच वही द्या. विद्यार्थी परप्रांतातलेही असतात, म्हणून मम्मं, भूर, बाऊ, चिऊ असे तुमच्या घरातले शब्द त्या वहीत लिहून ठेवा. घरी मराठी असेल तर मराठीच बोला. ‘इंग्रजी सुरू करा, पटकन बोलेल’ म्हणणारे भेटतील, त्यांना हसून सोडून द्या.

अशी क्लिनिकं कुठे? मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था (१९८३ पासून) आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ. ऐकण्यात दोष निघालाच तर अली यावर जंगमध्ये एडिप योजनेची (दिव्यांगांना साधनांसाठी केंद्र सरकारची मदत) चौकशी करा. त्यातल्या कॉक्लियर इम्प्लांटला (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) वयाची अट असते, त्यामुळे ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत वर्ष घालवू नका. फोन करून नंबर लावा, आणि जाताना जन्माच्या वेळची हॉस्पिटलची फाईल सोबत न्या.