आराखड्याच्या समितीत बसण्याआधी

पोरी,

विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याच्या समितीत तुझं नाव आलं, हे वाचून बरं वाटलं. "सर, एवढ्या ज्येष्ठांत मी काय बोलणार?" असं लिहितेस. पहिल्या बैठकीत बोलूच नकोस. त्याआधी वित्त विभागात जा आणि मागच्या तीन वर्षांचे अर्थसंकल्प मागून घे. कुठल्या लेखाशीर्षाखाली तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, एवढंच ताडून बघ. व्हिजन-मिशनचं पान नंतर वाचलंस तरी चालेल.

2016 च्या विद्यापीठ कायद्याने पाच वर्षांचा आराखडा करणं भाग पाडलं खरं, पण चहाच्या वेळी गप्पा रंगतील त्या बिंदूंच्या, म्हणजे नव्या कॉलेजांसाठी आराखड्यात ठरवायच्या ठिकाणांच्या. कुठल्या तालुक्यात नवं कॉलेज, कुणाच्या संस्थेला. त्यात तू पडू नकोस. विद्यापीठ स्वतःचा पैसा कशात घालतंय, तिकडे तुझं लक्ष हवं.

उदाहरण म्हणून मुंबई विद्यापीठ घे, 1857 चं. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. शिकवायची मात्र कॉलेजं. विद्यापीठ परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. स्वतःचा समाजशास्त्र विभाग निघाला 1919 मध्ये, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले तेव्हा. टॉवरनंतर 41 वर्षांनी! टॉवर देखणाच आहे, खालच्या ग्रंथालयात मी पुष्कळ दुपारी काढल्यात, त्यामुळे त्याच्याविषयी वाकडं बोलवत नाही. पण 1933 मध्ये याच विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तो बघ. शहरात कापडगिरण्या होत्या, ती विद्या जाणणारी माणसं हवी होती. त्या विभागातून शास्त्रज्ञ निघाले, कारखानदारही निघाले. 2008 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून तो वेगळा झाला. पोरगं कर्तं झालं की वेगळं बिऱ्हाड थाटतं, तसं. विद्यापीठाच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात बसवायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता माझी चूक सांगतो. एका विद्यापीठात मी खरेदी समितीवर होतो. अनुदान परत जाईल या घाईत एक महागडं यंत्र घेतलं. ते चालवायला तंत्रज्ञाचं पद नव्हतं, देखभालीच्या कराराला तरतूद नव्हती. तीन पावसाळे ते प्लास्टिकच्या आवरणात पडून राहिलं. ठरावावर माझीही सही आहे.

म्हणून प्रत्येक प्रस्तावाला एकच विचार: पाचव्या वर्षी याचा पगार आणि देखभाल कुठून? पूर्वी रूसा, आता पीएम-उषा, या उच्चशिक्षणासाठीच्या केंद्राच्या अनुदान योजना. यांतून इमारती, डागडुजी, उपकरणं होतात. कायम प्राध्यापकाच्या पदाला शासनाची मंजुरी लागते आणि ती येईपर्यंत तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या तरुण शिक्षकांवर वर्ग ढकलले जातात. तू स्वतः चार वर्षं ते भोगलंस, तुला काय सांगायचं! प्रस्तावाच्या नमुन्यातच आवर्ती, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या खर्चाचा रकाना घालायला लाव. कुणीतरी हसेल, "मॅडम, आधी इमारत तर होऊ द्या" म्हणेल. हसू दे.

इतिवृत्त हातात आलं की लगेच वाच. तुझा मुद्दा गाळला असेल तर लेखी कळव, तोंडी नको.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये, अर्थसंकल्पाच्या प्रती घेऊन. चष्मा बदललाय, बारीक आकडे आता दिसतात.

तुझा,
सर